चिऱ्याचे दुसरे घर



इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तहनामे डोळ्यांसमोर उभे राहतात. घराच्या भिंतीलाही इतिहास असतो, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. आज मी मालवण किनाऱ्यावरच्या एका अगदी साध्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे. ती वस्तू म्हणजे जांभ्या दगडाचा चिरा. तो कुठून येई, घराला कसा लागे, घर उतरल्यावर कुठे जाई आणि आता कुठे जातो, एवढाच माझा विषय आहे. विषय लहान खरा. पण आपले सडे, आपले झरे आणि आपल्या खाड्या यांचे पुढे काय व्हावयाचे, हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

प्रथम जांभ्याची ओळख करून घेऊ. सिंधुदुर्गातल्या टेकड्यांचे माथे पाहा. वर सपाट काळपट कातळ असतो. त्याला आपण सडा म्हणतो. लाखो वर्षांच्या उन्हापावसाने मूळचा खडक कुजत गेला, विरघळणारे अंश पाण्याबरोबर वाहून गेले आणि लोखंडाचे व ॲल्युमिनियमचे अंश मागे राहिले. तोच हा जांभा. इंग्रज कंपनीच्या नोकरीतला फ्रान्सिस बुकानन नावाचा एक वैद्य १८०० साली म्हैसूर आणि मलबारची पाहणी करीत निघाला. केरळातल्या अंगडीपुरमजवळ त्याने पाहिले की, जमिनीतला हा दगड लोक हत्याराने सहज कापतात आणि वारा लागला की तोच दगड कठीण होतो. १८०७ साली छापलेल्या आपल्या प्रवासवृत्तात त्याने या दगडाला ‘लॅटराइट’ असे नाव दिले. लॅटिन भाषेत ‘लेटर’ म्हणजे वीट. खाणीवरच्या आपल्या माणसांना ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतीच. त्यांनी तिचे पुस्तक लिहिले नाही, इतकेच.

आता या चिऱ्याचे घर कसे उभे राहात असे ते पाहू. भिंतीला चिरा सड्यावरचा. तो मातीत बसवायचा किंवा ऐपत असेल तर चुन्यात. चुना डोंगरात मिळत नसे. तो खाडीकडून यावयाचा. कालवांची नि शिंपल्यांची कवचे भट्टीत भाजली की त्यांचा कळीचा चुना होतो, आणि पाणी घातले की तो फुलतो. वासे, तुळया, खांब हे लाकूडकाम परसातल्या फणसाचे किंवा सह्याद्रीच्या पायथ्याकडच्या ऐन-किंजळीचे. रिपा पोफळीच्या. छपरावर पूर्वी गवत किंवा माडाची चुडते असत, नाहीतर कुंभाराने घडवलेले नळे. पुढे मंगळुरी कौल आले. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि तेथली कौले समुद्रमार्गे पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र जाऊ लागली.

म्हणजे पाहा, एका घराला सडा लागला, खाडी लागली, घाटाखालचे रान लागले आणि दोनशे मैलांहून दूरचे बंदरही लागले. कोणत्याही एका गावाच्या शिवेत हे सारे मिळणारे नव्हते. चिरा जड. तो डोक्यावरून नि बैलगाडीतून जेवढा जाईल तेवढाच जायचा. त्यापुढे खाडीतल्या पडावांचा आधार. कर्ली, गड, तेरेखोल या नद्यांच्या खाड्या म्हणजे बांधकामाचे सामान वाहून नेणारे रस्तेच होते.

मधल्या काळात या मुलखाचे राजकीय तुकडेही झाले. १८१२ साली मालवण करवीरकरांकडून इंग्रजांकडे गेले. वेंगुर्लेही त्याच साली इंग्रजांना मिळाले. आतला मुलूख सावंतवाडी संस्थानचा राहिला, आणि तेरेखोलच्या पलीकडे १९६१ सालापर्यंत पोर्तुगीज होते. नकाशावर तीन सरकारे; पण घर बांधणाऱ्याला लागणारे सामान मात्र डोंगरातले, सड्यावरचे आणि खाडीतले. नकाशावरच्या रेघा बदलल्या म्हणून चुना डोंगरात सापडू लागला नाही, की किंजळ वाळूत उगवू लागला नाही. शेजाऱ्याशी देवघेव ठेवणे भागच होते.

मोठ्या बांधकामाला तर ही गोष्ट अधिकच लागू पडते. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ च्या नोव्हेंबरात सिंधुदुर्गाचे काम सुरू करविले आणि १६६७ साली ते पुरे झाले. बेटावर काय होते? खडक आणि खारा वारा. दगड, चुना, लोखंड, शिसे, लाकूड आणि माणसे, सारे बाहेरून जमवून, पाण्यातून न्यावे लागले. अशी कामे चालावयाची तर सामान कुठून किती काढावे, याचा विचार राज्यकर्त्याला करावाच लागतो. तो विचार रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात स्पष्ट दिसतो. अठराव्या शतकाच्या आरंभीचा हा ग्रंथ. आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे याविषयी त्यात सांगितले आहे की, आंबा-फणसाची झाडे उपयोगी असली तरी रयतेच्या झाडांना हात लावू देऊ नये. ती एक-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदी जीर्ण झाले असेल तर धन्याला राजी करून, पैसे देऊन, मगच तोडावे. शिक्षक बंधुभगिनींनी हा भाग मुलांना जरूर समजावून सांगावा. सामानाचा हिशेब, झाडाचे वय आणि धन्याची संमती, या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र आल्या आहेत.

आता चिऱ्याच्या दुसऱ्या घराकडे येऊ. जुने घर मोडकळीस आले की ते ‘पाडीत’ नसत, ते ‘उतरवीत’. या दोन शब्दांत फार अंतर आहे. आधी कौले उतरवायची. तडकलेली बाजूला काढायची, चांगली गोठ्यावर किंवा मांगरावर चढवायची. मग रिपा, वासे, आढे. खांब शाबूत असला तर नव्या घराच्या पडवीला लागे. बुंध्याशी कुजला असला तर तेवढा कापून आखूड खांब करीत. दार-चौकटी एका घरातून दुसऱ्या घरात जात. मग भिंत. मातीत किंवा चुन्यात बसवलेला चिरा पहारेच्या हलक्या टोल्याने सुटतो, कारण सांध्यातला चुना हा दगडापेक्षा नरम असतो. सुटलेला चिरा पुन्हा भिंतीला. अर्धा तुटलेला असेल तर जोत्याच्या भरावाला. अगदीच तुकडे झाले तर परसाच्या गडग्याला. भिंतीची माती माडापोफळीच्या बुडाशी. कुजलेले लाकूड चुलीत, आणि त्याची राख भांडी घासायला. उकिरड्यावर टाकण्यासारखे फारसे उरतच नसे.

चुन्याची एक गंमत सांगतो. शिंपला भाजला की त्यातला कर्बवायू निघून जातो. तो चुना भिंतीत बसला की वर्षानुवर्षे हवेतला तोच वायू पुन्हा शोषून घेतो आणि परत शिंपल्याच्या जातीचा होऊन बसतो. भट्टीच्या जळणाचा धूर वेगळा. पण चुन्यापुरते बोलायचे तर तो आपल्या मूळपदावर येतो.

एक गोष्ट मात्र येथे बजावून सांगितली पाहिजे. जुने दिवस सोन्याचे होते असे मी म्हणत नाही. चिऱ्याचे घर ऐपतदाराचे. गरिबाचे घर मातीच्या भिंतीचे नि गवताचे असे, ते दरसाल शाकारावे लागे, आणि एका ठिणगीने त्याची राख होई. चिरे काढणाऱ्याच्या नि चुना भाजणाऱ्याच्या हातांची काय दशा होई, ती त्यांनाच ठाऊक. जुने सामान पुन्हा वापरीत ते बहुतेक टंचाईपोटी. पण टंचाईने शिकवलेली गोष्ट खोटी असते असे थोडेच आहे?

सामान असे पुन्हा वापरण्याची रीत केवळ झोपडीपुरती नव्हती, हे शेजारच्या गोव्यात दिसते. जुने गोवे हे एके काळी पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील साम्राज्याचे मुख्य शहर. रोगराईने ते ओस पडत गेले आणि १८४३ साली पणजी ही अधिकृत राजधानी झाली. जुन्या शहरातल्या पडीक इमारती, खुद्द व्हाइसरॉयचा राजवाडासुद्धा, मोडून त्यांचे दगड पणजीतल्या नव्या इमारतींना वापरले गेले. अर्थात या गोष्टीला दुसरी बाजू आहे. ज्या वास्तू जपायला हव्या होत्या, त्याही त्यात गेल्या. म्हणून काय उतरवावे आणि काय राखावे, हे आधी ठरलेले असावे लागते. नुसती काटकसर पुरत नाही.

ते आधी ठरवलेले कसे असते, याचे उत्तम उदाहरण जपानात आहे. इसे येथले त्यांचे महामंदिर दर वीस वर्षांनी नवे बांधतात. २०१३ साली ते बासष्टाव्या वेळी बांधले गेले. जुन्या मंदिराचे लाकूड देशभरच्या इतर मंदिरांकडे जाते. मुख्य खांब आधी तेथल्याच पुलाच्या तोंडाशी कमानीला लागतात आणि आणखी वीस वर्षांनी दुसऱ्या गावच्या कमानीला. नवे मंदिर उभे राहण्यापूर्वीच जुन्याचा खांब कुठे जाणार हे ठरलेले असते. पुढच्या मंदिरांसाठी झाडेही लावून ठेवलेली असतात. आपल्याकडे जे घराघरातल्या शहाणपणावर सोपवले होते, ते त्यांनी नियमात बांधून ठेवले.

आपल्याकडे ही साखळी तुटली ती कशी? तीन-चार गोष्टी एकामागोमाग आल्या. सिमेंट आले. ते वाईट आहे असे मी म्हणणार नाही. पूल, धरणे, पक्क्या शाळा त्याच्यावर उभ्या आहेत. पण सिमेंटच्या सांध्यात चिरा असा घट्ट बसतो की भिंत पाडताना सांधा सुटण्याऐवजी दगडच फुटतो. एका घराचा चिरा मग दुसऱ्या घराला मिळत नाही. त्यामागून चिरे कापणारी यंत्रे आली. महिन्याचे काम दिवसांवर आले, आणि नवा चिरा काढणे हे जुना साफ करण्यापेक्षा सोपे झाले. खाडीतली पडावे गेली, ट्रक आले. घराघरातली माणसे मुंबईला गेली. वाडीत घर उतरवायला हात उरले नाहीत. घर उतरविण्याचे काम मग यंत्राच्या एका लोखंडी हाताने होऊ लागले. त्या हाताला कौल काय नि खांब काय, सारे सारखेच.

याचे परिणाम आपण पाहतोच आहोत. एका बाजूला सड्यावर चौकोनी खड्डे पडत आहेत. दुसऱ्या बाजूला मोडलेल्या भिंतींचा राडारोडा वळणावरच्या घळीत, ओढ्यात, खाडीच्या कडेला पडतो आहे. जे येथून टाकून दिले, तेच तेथून खणून आणले, असा हा उलटा धंदा आहे.

आणि सडा म्हणजे काही ओसाड जमीन नव्हे. जांभा सच्छिद्र. पावसाचे पाणी त्यात मुरते आणि खाली वाडीतल्या झऱ्याला, विहिरीला लागते. पावसाळ्यात त्याच कातळावर गुरे चरतात आणि रानफुले येतात. शिवाय तेथे आपल्या पूर्वजांच्या हातच्या खुणा आहेत. मालवण तालुक्यातल्या कुडोपी गावच्या सड्यावर कातळात कोरलेली चित्रे आहेत. अशी कातळशिल्पे रत्नागिरी जिल्ह्यात बारसू, उक्षी, कशेळी, देवीहसोळ येथे आहेत, तशीच गोव्यात कुशावती नदीच्या काठी आहेत. २०२२ साली या स्थळांची नोंद जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाली. यादीत कुडोपी एकटे गेले नाही. दोन जिल्हे आणि शेजारचे राज्य मिळून ती नोंद झाली. वारशाच्या बाबतीत जे जमले, ते चिऱ्याच्या बाबतीत का जमू नये?

आता येथे कोणी विचारील, हे काम गावाने आपापले का करू नये? गावाने सुरुवात जरूर करावी. पण एकट्या गावाला ते पेलणारे नाही. एका गावात वर्षाला चार-दोन घरे उतरतात. तेवढ्या सामानासाठी कोणी कोठार उभारणार नाही, की राडारोडा भरडण्याचे यंत्र आणणार नाही. दिल्लीत बुराडीला २००९ साली असा कारखाना निघाला, तो महानगराच्या ढिगांवर चालतो. आपल्याकडे ढीग लहान आणि विखुरलेले आहेत. उलट, जागा एकीकडे फार दूर ठेवली तर वाहतुकीचा खर्च चिऱ्याच्या किमतीवर जातो. म्हणजे प्रश्न जागेचा आहे: कुठे खणावे, कुठे साठवावे, कुठून कुठे न्यावे. आणि जागेचा प्रश्न शेजाऱ्याला विचारल्यावाचून सुटत नाही. एका गावाने आपल्या सड्यावर खाण बंद केली आणि शेजारच्या गावाने दुप्पट उघडली, तर झरा कोणाचा वाचला?

यासाठी नवी संस्था काढावी लागत नाही. १९८१ च्या १ मे रोजी रत्नागिरीतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला. पुढे १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने, जी १९९३ साली अमलात आली, प्रत्येक जिल्ह्याला नियोजन समिती सांगितली; महाराष्ट्रात तिचा कायदा १९९८ साली झाला. घटनेने या समितीला काय सांगितले आहे ते ऐकण्यासारखे आहे. पंचायती आणि नगरपालिका यांच्या समाईक हिताच्या बाबी पाहून जिल्ह्याचा आराखडा करावा, आणि त्या बाबींत जागेचे नियोजन, पाण्याची व इतर नैसर्गिक साधनांची वाटणी, तसेच पर्यावरणाचे रक्षण यांचा विचार करावा. म्हणजे डोंगरातली वैभववाडी नि दोडामार्ग आणि किनाऱ्यावरची देवगड, मालवण, वेंगुर्ले यांनी एका नकाशावर बोट ठेवून बोलावे, हे घटनेलाच अभिप्रेत आहे. बांधकामाच्या राडारोड्यासाठी केंद्र सरकारने २०१६ साली स्वतंत्र नियम केले आणि २०२५ साली त्यांच्या जागी नवे नियम जाहीर केले. कायद्याची चौकट आहे. तिच्यात दार बसवायचे काम आपले.

माझ्या अल्पमतीने तीन गोष्टी करता येतील. पहिली, जिल्ह्याच्या नकाशावर सड्यांची वर्गवारी: कातळशिल्पांचे, झऱ्यांचे आणि देवराईलगतचे सडे राखावयाचे, आणि खणलेच तर कुठवर खणावयाचे ते आधी ठरवावयाचे. दुसरी, दर तालुक्याला जुन्या सामानाचे एक कोठार, रस्त्याच्या सोयीने निवडलेले, जेथे उतरलेल्या घरांची कौले, खांब, चौकटी नि साबूत चिरे ठेवता येतील आणि गरजूला योग्य भावात मिळतील. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने या किनाऱ्यावरच्या किती घरांची कौले उडवली, ते आपण विसरलेलो नाही. पाऊस तोंडावर, आणि कौले मिळेनात. मंगळूरकडचे कितीतरी कारखाने दरम्यान बंद पडलेले. अशा वेळी तालुक्याच्या कोठारात जुनी कौले रचून ठेवलेली असती तर? तिसरी गोष्ट, नव्या सरकारी बांधकामात, शाळेच्या कुंपणाला, पाणंदीच्या भरावाला, पाणवठ्याच्या पायऱ्यांना जुना चिरा आधी, नवा मागून, असा दंडक. चुन्यात चिरा बसवणारे गवंडी अजून हयात आहेत तोवर त्यांच्या हाताखाली चार तरुण तयार व्हावेत, हेही त्यातच आले.

आणि यात शिक्षकांचे काम मोठे आहे. आपल्या शाळेच्या मुलांना घेऊन वाडीतल्या जुन्या घरांची एक वही तयार करा. घर कोणत्या साली बांधले, चिरा कोणत्या सड्यावरचा, चुना की माती, लाकूड कसले, कौलावर कोणत्या कारखान्याचा शिक्का आहे, आणि यातले काही आधी दुसऱ्या घरात होते काय, एवढे आजीआजोबांना विचारून लिहून काढा. मंगळुरी कौल उलटे केले की त्याच्या पोटावर कारखान्याचे नाव वाचता येते; मुलांना ते फार आवडते. अशी शंभर गावांची शंभर वह्या एकत्र झाल्या तर नियोजन समितीपुढे ठेवायला त्याहून चांगला कागद कोणता? त्यात जिल्ह्याचा इतिहासही असेल, आणि पुढच्या वीस वर्षांत कुठे किती सामान उतरणार आहे याचा अदमासही.

सड्यातला चिरा तयार व्हायला लाखो वर्षे लागली. तो आपल्या भिंतीत साठ-सत्तर वर्षे राहतो. एवढ्याशा मुक्कामानंतर त्याला ओढ्यात फेकून द्यावयाचे की दुसरे घर द्यावयाचे, हे ठरवणे आपल्या हाती आहे. मात्र ते एकट्याच्या हाती नाही, शेजारच्या गावाला बरोबर घेऊनच ते ठरवता येईल. घर उतरवायला काढाल तेव्हा यंत्र बोलावण्याआधी शेजारच्या वाडीत एक निरोप धाडा. चिरा मागणारा कोणीतरी तेथे असेल.